फवारणी मजुरांमध्ये सुरक्षिततेची सवय : आदेशापलीकडील वाट

प्रस्तावना

सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले, तसेच काही कीटकनाशकांच्या विक्रीवर विदर्भातील जिल्ह्यांत तात्पुरती बंदी घातली. त्या वर्षी पीक डोक्याइतके, काही ठिकाणी त्याहूनही उंच वाढले होते. हवा उष्ण व दमट होती. दोन-तीन रसायने एकाच टाकीत मिसळली जात होती. बारीक तुषार उडविणारे पंप वापरात होते आणि फवारणाऱ्याच्या अंगावर बहुधा नेहमीच्या कपड्यांखेरीज काहीही नव्हते.

या घटनेनंतर सुरक्षा किटांचे वाटप झाले, मेळावे झाले, भित्तिपत्रके लागली. तरीही अनेक गावांत किट खुंटीला आणि मजूर शेतात, असे चित्र आजही दिसते. साधन उपलब्ध असणे आणि ते वापरले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्याचा अर्थ. मजुराने सुरक्षितता मनापासून पाळावी यासाठी शेतमालकाने व विस्तार कार्यकर्त्याने नेमके काय करावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. उदाहरणे प्रामुख्याने कपाशीची असली, तरी भाजीपाला, द्राक्ष, डाळिंब, मिरची किंवा भात या पिकांतही तीच तत्त्वे लागू पडतात.

१. मजूर सुरक्षा साधने का टाळतो?

निष्काळजीपणा हे उत्तर सोपे आहे, परंतु ते बहुतेक वेळा अपुरे ठरते. शेतात जाऊन विचारपूस केल्यास साधारणपणे पुढील कारणे पुढे येतात.

*उकाडा :* ऑगस्ट-सप्टेंबरमधील दमट हवेत प्लास्टिकचा अंगरखा व मुखपट्टी घालून पाठीवर १५-१६ लिटरचा पंप वाहणे अत्यंत कष्टाचे असते. घामाने चष्मा धुरकट होतो व समोरचे तास दिसेनासे होते.

*मजुरीची पद्धत :* अनेक ठिकाणी फवारणीचे काम उक्ते, म्हणजे पंपाच्या हिशेबाने दिले जाते. जितक्या टाक्या रिकाम्या होतील तितकी मजुरी. हातमोजे घालणे, हात धुणे, वारा शांत होण्याची वाट पाहणे या प्रत्येक कृतीची किंमत अशा वेळी मजुराच्या खिशातून जाते.

*अनुभवाची दिशाभूल :* ‘दहा वर्षे फवारतो आहे, आजवर काही झाले नाही’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. मजूर ते प्रामाणिकपणे बोलतो. डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांची आग या तक्रारी त्याने उन्हाच्या किंवा जागरणाच्या नावावर टाकलेल्या असतात.

*मालकाचे वर्तन :* ज्या शेतात मालक स्वतः उघड्या हाताने औषध मोजतो व काठीऐवजी हातानेच ढवळतो, तेथे मजुराला दिलेला उपदेश निरर्थक ठरतो.

या चारपैकी केवळ तिसरे कारण माहितीच्या अभावाशी निगडित आहे. उरलेली तीन कारणे कामाच्या व्यवस्थेत दडलेली आहेत. म्हणूनच निव्वळ व्याख्यानाने फरक पडत नाही.

२. मजुराला पटवून द्यावयाच्या तीन गोष्टी

भीती दाखविण्यापेक्षा शरीरात काय घडते हे सोप्या शब्दांत सांगणे अधिक परिणामकारक ठरते. त्यासाठी पुढील तीन बाबी पुरेशा आहेत.

*(अ) सर्वाधिक धोका औषध मोजताना असतो.* समजा, शिफारस १० लिटर पाण्यात २० मिली अशी आहे. म्हणजे डब्यातील औषध फवारणीच्या द्रावणापेक्षा ५०० पट तीव्र आहे. मोजताना हातावर सांडलेले १ मिली औषध म्हणजे अर्धा लिटर द्रावण हातावर ओतल्यासारखे होय. फवारताना हातमोजे वापरणारा मजूर डबा उघडताना ते काढून ठेवत असेल, तर त्याने चुकीच्या वेळी काळजी घेतली असे म्हणावे लागेल.

*(आ) विष केवळ नाका-तोंडातूनच जाते असे नाही.* फवारणीच्या कामात त्वचा हा विष शिरण्याचा प्रमुख मार्ग आहे आणि सर्व शरीराची त्वचा सारखी नसते. पॅराथिऑन या सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकावरील प्रयोगांत, कोपरापुढील हाताच्या तुलनेत डोक्याच्या त्वचेतून सुमारे पावणेचार पट, कपाळातून चौपटीहून अधिक, तर जननेंद्रियाच्या भागातून जवळजवळ बारा पट शोषण आढळले. गळक्या पंपातून पाठीवरून कमरेखाली झिरपणारे द्रावण किती घातक असते, हे यावरून ध्यानात यावे. नाकाला बांधलेला ओला रुमालही संरक्षण देत नाही. तो तुषार शोषून घेतो आणि तेच विष श्वासासमोर धरून ठेवतो.

*(इ) परिणाम साचत जातो.* सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मज्जासंस्थेतील ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर निकामी करतात. रक्तपेशींमधील हे विकर एकदा कायमचे निकामी झाले की नव्या पेशी तयार होतील तसतसे, दिवसाला सुमारे एक टक्का इतक्या संथ गतीने ते पूर्ववत होते. त्यामुळे पहिल्या दिवशी ठणठणीत असलेला मजूर रोज नव्या शेतात फवारणी करीत राहिला, तर चौथ्या-पाचव्या दिवशी तेवढ्याच मात्रेने कोसळू शकतो. ‘काल काही झाले नाही’ हा आजच्या सुरक्षिततेचा पुरावा होऊ शकत नाही. हंगामभर गावोगाव फवारणीचीच कामे घेणाऱ्या मजुरांना ही बाब सर्वप्रथम समजावून सांगणे आवश्यक आहे.

३. प्रारंभ मालकाच्या निर्णयापासून

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचे शास्त्र एक क्रम सांगते. प्रथम धोका टाळावा. टाळता न आल्यास कमी धोक्याचा पर्याय निवडावा. त्यानंतर साधने व कामाची पद्धत सुधारावी. अंगावरील संरक्षक साधनांचा विचार सर्वांत शेवटी करावा. प्रत्यक्षात मात्र हा क्रम उलटा केला जातो. मजुराच्या हाती मुखपट्टी दिली की आपले कर्तव्य संपले, अशी समजूत होते.

टाळता येणारी फवारणी टाळणे हा सुरक्षिततेचा सर्वोत्तम उपाय आहे. गुलाबी बोंडअळीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. बीजी-२ कपाशीतील दोन्ही प्रथिनांविरुद्ध या किडीत प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याने फवारण्या वाढल्या. परंतु अंड्यातून बाहेर पडलेली अळी अल्पावधीत बोंडात शिरते व तिने केलेले छिद्र बुजून जाते. आत बसलेल्या अळीपर्यंत फवारणीचे द्रावण पोहोचत नाही. अशा अवस्थेत केलेली फवारणी किडीला फारशी बाधत नाही. तिची झळ बसते ती फवारणाऱ्याला.

यास्तव फवारणीचा निर्णय निरीक्षणावर आधारित असावा. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून रोज नोंद घ्यावी. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास, अथवा शेतातून यादृच्छिक निवडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी दोन वा अधिक बोंडांत अळी सापडल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. डोमकळ्या वेचून नष्ट करणे, ५ टक्के निंबोळी अर्काचा सुरुवातीपासून वापर, ट्रायकोग्रामा परोपजीवी कीटकांचे प्रसारण व हंगाम वेळेवर संपविणे या उपायांनी फवारण्यांची संख्या घटते. टाळलेल्या प्रत्येक फवारणीबरोबर मजुराचा एक धोकादायक दिवस कमी होतो.

फवारणी अटळ असेल तेव्हा औषधाच्या वेष्टनावरील चौकोनी चिन्हाचा खालचा त्रिकोण पाहावा. लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा अति विषारी, निळा मध्यम विषारी व हिरवा किंचित विषारी, असा त्याचा अर्थ आहे. समान परिणामकारक पर्याय उपलब्ध असल्यास लाल व पिवळ्या त्रिकोणाऐवजी निळा किंवा हिरवा निवडावा. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कीटकनाशक व्यवस्थापनविषयक आंतरराष्ट्रीय आचारसंहितेतही हेच तत्त्व आहे. जी कीटकनाशके हाताळण्यासाठी गैरसोयीची, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ती उष्ण हवामानातील लहान शेतकऱ्यांनी व शेतमजुरांनी वापरणे टाळावे, असे ती सांगते. उकाड्यामुळे साधने वापरत नाही ही मजुराची तक्रार म्हणजे सबब नव्हे, याची ही एक प्रकारे मान्यताच आहे.

४. सवय रुजविण्याचे सहा मार्ग

(१) मजुरीची रीत बदलावी. फवारणीचे काम पंपाच्या हिशेबाने न देता रोजंदारीने द्यावे. औषध मिसळणे, विश्रांती, हात धुणे व काम संपल्यावरची आंघोळ हा वेळ कामाच्या वेळेत धरावा. वारा वाढल्याने काम थांबवावे लागले, तर त्या दिवसाची मजुरी कापू नये. घाई करण्यात मजुराचा फायदा उरला नाही, की सावधगिरीची निम्मी अडचण दूर होते.

(२) मालकाने आधी स्वतः पाळावे. औषध मोजण्याचे काम मालकाने किंवा जाणत्या व्यक्तीने हातमोजे व चष्मा घालूनच करावे. ते मजुरांच्या डोळ्यांसमोर व्हावे.

(३) साधने मजुराच्या सल्ल्याने निवडावीत. मापात न बसणारे बूट किंवा घामाने चिकटणारा अंगरखा कोणी वापरणार नाही. खरेदीपूर्वी दोन-तीन प्रकार मजुरांना घालून पाहू द्यावेत. पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, लांब विजार, पाठीला पंप टेकतो तेथे प्लास्टिकचे आवरण, नायट्राइल किंवा रबरी हातमोजे, गमबूट, डोक्यावर टोपी, चेहऱ्यासाठी पारदर्शक ढाल व औषधाच्या वेष्टनावर सांगितलेली योग्य मुखपट्टी असा संच तुलनेने सुसह्य होतो. कापडी हातमोजे कधीही देऊ नयेत. विजार बुटांच्या बाहेर ठेवावी. कमी उंचीच्या पिकावर फवारताना बाही हातमोज्यावर असावी. उंच पिकावर हात वर करून फवारताना ती हातमोज्याच्या आत खोचावी, म्हणजे द्रावण ओघळून आत शिरणार नाही. निवडीत ज्याचा सहभाग असतो, तो ते साधन आपले मानतो.

(४) सुरक्षित कृती ही सोपी कृती व्हावी. साबण, स्वच्छ पाण्याची टाकी, टॉवेल व कोरडे कपडे विहिरीवर किंवा घरी न ठेवता बांधावर ठेवावेत. पिण्याचे पाणी व डबा यांसाठी वेगळी, झाकलेली जागा असावी. नोझल तुंबल्यास तोंडाने फुंकण्याची प्रथा सर्वत्र दिसते. पंपाला दोरीने मऊ ब्रश व सुटे नोझल बांधून ठेवल्यास ती सहज मोडते. झाकणाचा वायसर, नळीचे सांधे व लान्स यांची गळती आदल्या दिवशी साध्या पाण्याने तपासावी.

(५) तक्रार सांगणाऱ्याला शिक्षा होऊ नये. चक्कर आल्याचे सांगितले तर काम जाईल किंवा हसू होईल, या भीतीने मजूर लक्षणे लपवितो. ‘बरे वाटत नाही’ असे म्हणणाऱ्यास तात्काळ काम थांबवू द्यावे, त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी व इतरांसमोर त्याच्या सावधपणाचे कौतुक करावे. गळका पंप, फाटलेला हातमोजा, वाऱ्याने अंगावर आलेला तुषार अशा थोडक्यात निभावलेल्या प्रसंगांची एका वहीत नोंद ठेवावी. कोणाची चूक झाली यापेक्षा काय सुधारावे हे त्या वहीत लिहिलेले असावे.

(६) कुटुंबाला सहभागी करून घ्यावे. फवारणीसाठी पाणी आणणे, टाकी भरणे व संध्याकाळी फवारणीचे कपडे धुणे ही कामे अनेक ठिकाणी स्त्रिया करतात. त्यांच्या हाती हातमोजे क्वचितच असतात. हे कपडे घरातील इतर कपड्यांबरोबर भिजवू नयेत व मुलांना त्यांपासून दूर ठेवावे. मालकाच्या सूचनेपेक्षा घरच्या माणसांचा आग्रह पुष्कळदा अधिक प्रभावी ठरतो.

रिकाम्या डब्यांचा प्रश्नही घराशीच निगडित आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजनातून २३ बालकांचा मृत्यू झाला. त्या भोजनासाठी वापरलेल्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले होते. कीटकनाशकाच्या डब्याचा अन्न, तेल किंवा पाण्याशी कोणत्याही प्रकारे संबंध येता कामा नये. डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. नंतर डब्याला भोके पाडून वस्तीपासून व पाणवठ्यापासून दूर त्याची विल्हेवाट लावावी.

५. विस्तार कार्यकर्त्यांसाठी बांधावरील प्रात्यक्षिक

सभागृहातील भाषणापेक्षा बांधावरील तासाभराचे प्रात्यक्षिक अधिक लक्षात राहते. हंगामाच्या प्रारंभी, पहिल्या फवारणीपूर्वी ते घ्यावे. त्याची रूपरेषा अशी :

- धुऊन स्वच्छ केलेल्या पंपात पाणी भरून त्यात कपड्यांची नीळ विरघळवावी. औषध मुळीच घालू नये.
- एका मजुरास पांढरा सदरा, पांढरी विजार व पांढरे सुती हातमोजे घालावयास द्यावे. हे हातमोजे केवळ डाग दिसावेत म्हणून आहेत, हे स्पष्ट सांगावे.
- त्याने नेहमीच्या पद्धतीने दोन तासे फवारावीत. त्यात डबा उघडणे, मोजणे व टाकी भरणे या कृतींचाही समावेश असावा.
- त्यानंतर सर्वांनी मिळून डाग मोजावेत. ते बोटांवर, मांड्यांवर, पाठीवर की छातीवर अधिक आहेत, हे मजुरांनीच सांगावे.
- वाऱ्याच्या आडव्या दिशेने चालून, तुषार वाऱ्याबरोबर अंगापासून दूर जाईल अशा रीतीने, न भिजलेल्या बाजूने पुढे सरकत तेच काम दुसऱ्या मजुराकडून करून घ्यावे व दोन्ही सदरे शेजारी टांगावेत.
- शेवटी प्रत्येक मजुराने या हंगामात आपण बदलणार असलेली एक गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगावी. मालकानेही आपली एक गोष्ट सांगावी.

प्रशिक्षकाने या सत्रात कमी बोलावे. सदऱ्यावरील निळा डाग जे सांगतो, त्यावर मजूर वाद घालत नाही. तीन आठवड्यांनी त्याच शेतास पुन्हा भेट देऊन ठरविलेल्या गोष्टींपैकी काय झाले, काय अडले हे विचारावे. ही दुसरी भेट टाळल्यास पहिल्या सत्राचा प्रभाव ओसरू लागतो.

६. विषबाधेची लक्षणे व प्रथमोपचार

सर्व खबरदारी घेऊनही विषबाधा होऊ शकते. त्यामुळे एकट्या मजुरास फवारणीसाठी कधीही पाठवू नये. डोकेदुखी, मळमळ, उलटी, अतिघाम, तोंडाला लाळ सुटणे, अंधुक दिसणे, डोळ्यांतील बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे व श्वास घेण्यास त्रास ही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणे होत.

रुग्णास त्वरित शेताबाहेर मोकळ्या हवेत न्यावे. मदत करणाऱ्याने स्वतः हातमोजे घालून त्याचे भिजलेले कपडे काढावेत व अंग साबण-पाण्याने भरपूर धुवावे. डोळ्यांत औषध गेले असल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. बेशुद्ध रुग्णास तोंडावाटे काहीही देऊ नये. दूध, तूप किंवा लिंबूपाणी पाजण्यात, अथवा उलटी करविण्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील माहितीपत्रक सोबत न्यावे. ॲट्रोपिन हा उतारा सर्वच कीटकनाशकांवर लागू नाही, म्हणून कोणते औषध होते हे डॉक्टरांना कळणे अत्यावश्यक असते. अनेक औषधे एकत्र मिसळलेली असल्यास उपचार अधिक गुंतागुंतीचे होतात. शिफारस नसलेली मिश्रणे टाळण्याचे हे आणखी एक कारण आहे.

७. समारोप

कीटकनाशके नियम, १९७१ नुसार कीटकनाशके हाताळणाऱ्या व फवारणाऱ्या व्यक्तींना योग्य संरक्षक कपडे असणे बंधनकारक आहे. मात्र प्रत्येक बांधावर निरीक्षक उभा राहू शकत नाही. तेथे दोनच व्यक्ती असतात : काम सांगणारा आणि काम करणारा. काम सांगणाऱ्याने फवारणीची गरज तपासली, कमी विषारी औषध निवडले, मजुरी घाईशी बांधली नाही, स्वतः नियम पाळले व तक्रार ऐकून घेतली, तर काम करणाऱ्याला सुरक्षिततेसाठी वेगळे प्रवृत्त करण्याची गरज फारशी उरत नाही. आपल्या जिवाची मालकाला किंमत आहे, हे मजुराने मालकाच्या वागणुकीतून ओळखलेले असते.

येत्या हंगामात विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या कार्यक्षेत्रातील प्रत्येक गावात किमान एक प्रात्यक्षिक पहिल्या फवारणीपूर्वी घ्यावे व त्यासाठी मालक आणि मजूर या दोघांनाही एकत्र बोलवावे. प्रगतिशील शेतकऱ्यांनी आपल्या शेतावरील फवारणीची मजुरी या वर्षी रोजंदारीने ठरवून पाहावी. सुरक्षिततेच्या सवयीचा आरंभ करण्यासाठी एवढी दोन पावले पुरेशी आहेत.